पहिली खुर्ची आणि डावा पाय

गुडगावातल्या आमच्या चर्चची सगळी फरशी, दारापासून वेदीपर्यंत, एकट्या माझ्या हातची आहे. पाणी सांडलं की ते दाराकडे जायचं सोडून वेदीच्या पायरीपाशी येऊन बसतं, तेही माझ्याच हातचं आहे.

हे मी सांगतोय आणि माझी मुलगी लिहून घेतेय. मला वाचता येतात ते दोनच शब्द. एक माझं नाव, आणि दुसरा ‘खतरा’, तो विजेच्या डब्यावर असतो म्हणून. मुलगी दिल्लीकडेच वाढली, त्यामुळे मध्येच पेन थांबवून विचारते, "बाबा, कपची म्हणजे क्या?" मग मला उठून फरशीचा टोकदार तुकडा आणून दाखवावा लागतो. तर वाचणाऱ्यांना एकच विनंती. यात कुठं मी चांगला माणूस वाटलो, तर ती लिहिणारीची चूक समजावी.

आम्ही मूळचे नगरकडचे, आजोबांच्या वेळेपासून कॅथलिक. दिल्लीला मी आलो तो एका मराठी साहेबांचा स्वयंपाकी म्हणून, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. दोन महिने माझ्या हातच्या भाकरी खाल्ल्यावर साहेबांनीच मला एका ओळखीच्या फरशीच्या ठेकेदाराकडे पाठवलं. म्हणाले, "अरे, तुझ्या हातात जो कडकपणा आहे तो भाकरीत वाया जातोय." तेव्हा गुडगावला सगळी मोहरीची शेतं. मग बाहेरच्या कंपन्या आल्या, मोहरीच्या जागी काचेच्या बिल्डिंगा उगवल्या, आणि त्यात काम करणाऱ्यांना राहायला दहा-दहा, बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या. प्रत्येक मजल्याला फरशी लागते. मी बायकोला, सुमनला, घेऊन तिथल्याच एका गावात खोली केली आणि गुडघ्यावर बसलो तो वीस वर्षं उठलोच नाही. लोक म्हणतात, तुम्ही फार प्रार्थना करता का हो, गुडघे काळे पडलेत. मी कधी नाही म्हटलेलं नाही.

आमचं चर्च आधी पत्र्याच्या शेडमध्ये भरायचं. हिवाळ्यात धुकं आत यायचं आणि मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, समोरचा फादर दिसायचा नाही, नुसता आवाज. माणसं म्हणाल तर सगळ्या देशातली. केरळच्या नर्सबाया, गोव्याचे ऑफिसवाले, राँचीकडचे सोसायट्यांचे गार्ड. मराठी घरं दीडच. एक आमचं, आणि अर्धं गाझियाबादचं एक जोडपं, ज्यांची गाडी चालू झाली तरच यायचे. पुढे पक्कं चर्च बांधलं तेव्हा फरशीचं काम मी मजुरी न घेता केलं. पाठीमागे देवाचं प्रेम होतंच, पण खरं सांगायचं तर दर रविवारी लोक माझ्या कामावर गुडघे टेकतील, हा विचारही होता.

आता खुर्चीचं सांगतो. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, पवित्र गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सेत फादर बारा माणसांचे पाय धुतात. प्रभूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या बारा शिष्यांचे धुतले, त्याची ती आठवण. वेदीसमोर बारा खुर्च्या एका रांगेत मांडतात. प्रत्येकाचा फक्त उजवा पाय धुतात, कारण चोवीस पाय धुवायचे तर ईस्टरची पहाट तिथंच व्हायची. पहिली खुर्ची शिष्यांतल्या थोरल्याची, संत पेत्राची मानतात. जुन्या फादरांनी मला लागोपाठ पाच वर्षं त्या पहिल्या खुर्चीत बसवलं होतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी आपला समजून गेलो की आपल्यात पेत्राचं काहीतरी दिसत असणार.

फरशीवाल्याचा पाय कसा असतो ते पाहिलं नसेल तर सांगतो. सिमेंट बोटांच्या बेचक्यांत शिरतं, टाचेला भेगा पडतात, त्या भेगांत आणखी सिमेंट जातं. असा पाय फादरच्या हातात कसा द्यायचा? म्हणून दर वर्षी राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की चाळीस दिवस मी उजवा पाय तयार करायचो. लोक उपवास करतात, मी वजरी घेऊन टाच घासायचो. सुमन कोकमाचं तेल कढवून द्यायची, ते भेगांत भरायचो, वर मोजा. गुरुवार येईपर्यंत पाय असा व्हायचा की एखाद्या बँकवाल्याचा वाटावा. आणि डावा? डाव्याला कोण विचारतो. डावा बुटात राहायचा. सुमन म्हणायची, "अहो, एक पाय साहेबाचा आणि एक मजुराचा घेऊन चालता, लंगडायला होत नाही का?"

तर असं सगळं सुखात चाललं होतं, आणि सिल्वेस्टर आला.

सिल्वेस्टर राँचीकडचा. मी ज्या सोसायटीत फरशी बसवत होतो तिच्याच गेटवर गार्ड. उंच, काळासावळा, इस्त्रीचा शर्ट, आणि तोंडात शब्द म्हणून नाही. मी पडलो बोलका माणूस. मिस्सा सुटल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर लोक माझ्याभोवती उभे राहायचे, मी फादरांची नक्कल करायचो, माझ्या भाकरीची गोष्ट सांगायचो, लोक हसायचे. सिल्वेस्टर आल्यापासून लोक त्याच्याजवळ जाऊन उभे राहायला लागले. तो काही बोलायचा नाही. लोकच त्याला आपलं दुखणं सांगायचे आणि तो मान हलवायचा. मी वर्षानुवर्षं बडबडून जे मिळवलं ते या माणसानं गप्प राहून नेलं. मिरवणुकीत त्याच्या गळ्यात मांदर असायचा, त्यांच्याकडचा ढोल, आणि तो वाजवायला लागला की नर्सबायांचे पायसुद्धा हलायचे. माझी स्वतःची बायको एकदा म्हणाली, "किती शांत माणूस आहे हो." बावीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याबद्दल ‘शांत’ हा शब्द फक्त मी झोपलेलो असताना वापरला होता.

मला मत्सर झाला. साधा नाही, रोज सकाळी ताजा होणारा. त्याची सायकल चर्चच्या भिंतीला टेकलेली दिसली तरी माझं तोंड कडू व्हायचं. मी रोझरीची माळ घेऊन बसायचो आणि दर दहा मण्यांमागं एकदा मारियामातेला विनंती करायचो की सिल्वेस्टरची बदली कर. दूर नको, नोएडा चालेल. उपवासकाळात पापनिवेदनाला, फादरसमोर पापं कबूल करायला, गेलो तेव्हा मत्सर सोडून सगळं सांगितलं. तो लपला जावा म्हणून दोन पापं तर न केलेली सांगितली.

त्याच सुमारास जुने फादर बदलून गेले आणि फादर लिओ आले. तरुण, हसरे, सगळ्यांशी हिंदीत बोलायचे. मला वाटलं, यांना माणसांची ओळख करून द्यायला पाहिजे. एक दिवस दारातल्या दोन फरशा हलतात म्हणून बघायला गेलो आणि बोलता बोलता सांगून टाकलं, "फादर, वो सिल्वेस्टर है ना, अच्छा आदमी है, पर ड्यूटी पे सोता है." हे मी पाहिलेलं नव्हतं. उलट मी दुपारी सिमेंटच्या गोण्यांवर झोपायचो तेव्हा त्यानंच मला दोनदा उठवलं होतं, ठेकेदार येतोय म्हणून. फादर म्हणाले, "अच्छा?" बस, एवढंच. मी खूश होऊन घरी आलो.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी फादरांनी बारा जणांची नावं वाचली. पहिलं नाव, सिल्वेस्टर. माझं शेवटचं, बारावं. माझ्या हातात आशीर्वाद दिलेली झावळी होती. घरी येईपर्यंत मी तिचा भुगा केला होता.

इथं आजाराचं थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर्षभरापूर्वी चर्चमध्ये तपासणीचं शिबिर झालं होतं. आमच्या गायनमंडळातल्या अन्नम्मा सिस्टर हॉस्पिटलात नर्स आहेत, त्यांनी बोटाला टोचून सांगितलं की मला शुगर आहे. मी सगळ्यांना सांगत सुटलो, श्रीमंतांचा रोग झाला, प्रमोशन मिळालं. सिस्टरनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "मिस्त्री, मज़ाक नहीं. शुगर में पैर सुन्न हो जाता है, रोज़ पैर देखना. दोनों पैर, नीचे से भी." मी अर्धं ऐकलं. पाय मी रोज बघत होतो. एक.

त्या उपवासकाळात आमच्या खोलीत एक वास यायला लागला. सुमन म्हणाली, कुठंतरी उंदीर मेलाय. मी ट्रंक सरकवली, माळ्यावर चढलो, गॅसच्या शेगडीमागं हात घातला. उंदीर काही सापडेना. सुमननं फिनेलनं दोनदा खोली पुसली. डाव्या मोज्याच्या तळाला लालसर डाग पडायचा, पण आमच्या कामात लाल रंगाची पूड असतेच, म्हणून मी तो झटकायचो आणि परत घालायचो. दुखत तर काहीच नव्हतं. उंदराचा शोध मी पंधरा दिवस केला आणि तो पूर्ण वेळ माझ्या बुटात होता.

पवित्र गुरुवारी मी मिस्सेच्या तासभर आधी चर्चमध्ये गेलो. आत कोणी नव्हतं. बारा खुर्च्या मांडलेल्या, प्रत्येकीच्या पाठीला नावाचा कागद चिकटवलेला. शेवटच्या खुर्चीवर माझं नाव ओळखलं. पहिल्या खुर्चीवरचं मला वाचता येत नव्हतं, पण ते माझं नव्हतं आणि ‘खतरा’ही नव्हतं. मी दोन्ही कागद काढले आणि अदलाबदल करून चिकटवले. चिकटपट्टी नीट बसेना, तर थुंकी लावली. वेदीवर येशू क्रूसावर होता, आणि खाली मी त्याच्या शिष्यांची बैठक बदलत होतो. वर तळहातानं दाबून दोन्ही कागद सरळ केले. हे मी आता मुद्दाम सांगतो, कारण तेव्हा मला लाज वाटायला पाहिजे होती आणि वाटली नाही.

मिस्सा सुरू झाली. आम्ही बारा जण जागेवर जाऊन बसलो. सिल्वेस्टरनं पहिल्या खुर्चीचा कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि शेवटच्या खुर्चीत जाऊन बसला. शुभवर्तमान वाचलं गेलं. पेत्र प्रभूला म्हणतो, तुम्ही माझे पाय धुवायचे नाहीत, ते सगळं. मग सगळ्यांनी उजवा बूट काढला. मी माझा पाय असा पुढं ठेवला की लोकांना दिसावा. ट्यूबलाइटमध्ये टाच चकाकत होती. शेजारच्या खुर्चीतून वास येतोय असं मला वाटलं आणि मी मनात म्हटलं, काय ही माणसं, आजच्या दिवशी तरी पाय धुवून यावं.

फादर लिओंनी झगा वर खोचला, कमरेला टॉवेल बांधला, आणि माझ्याकडे येण्याऐवजी सरळ रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेले. त्यांनी कागद पाहिला नाही, माणूस पाहिला. सिल्वेस्टरपासून सुरुवात केली. मी एका क्षणात पहिल्याचा बारावा झालो. माझ्या छातीत असा जाळ उठला की वाटलं उठून निघून जावं, पण एका पायात बूट नव्हता.

आता फरशीचं. परातीत धरून धुतलं तरी पाणी बाहेर सांडतंच. अकरा माणसांचे अकरा पाय धुताना जेवढं सांडलं तेवढं सगळं माझ्या उताराला लागून माझ्या खुर्चीकडे यायला लागलं, कारण पहिली खुर्ची नेमकी सगळ्यात खोलगट जागी होती. मी ते येताना बघत होतो. मिस्त्रीला आपली चूक लांबून ओळखू येते. फादर माझ्यापर्यंत पोचले तेव्हा माझा चाळीस दिवसांचा उजवा पाय अकरा जणांच्या पायधुणीच्या डबक्यात बुडालेला होता. फादरांनी खाली बघितलं. त्यांना हसू आलं. हळूच म्हणाले, "मिस्त्री, ये तो आपके फ़र्श ने ही धो दिया. दूसरा दीजिए." आणि डबकं चुकवून डाव्या बाजूला गुडघे टेकून बसले.

मी पाय मागं ओढला. डाव्या टाचेत तीन सोसायट्यांचं सिमेंट होतं. मी म्हणालो, "नहीं फादर, ये नहीं. ये मत धोइए." माझा आवाज मूळचाच मोठा, सगळ्या चर्चमध्ये गेला. लोकांना वाटलं मी पेत्र करतोय. पुढच्या बाकावर गाझियाबादच्या बाईंनी, गाडी त्या दिवशी नेमकी चालू झाली होती, डोळ्याला रुमाल लावला. कोणीतरी मागून म्हणालं, "क्या भाव है!" फादरांनाही तसंच वाटलं असावं. ते म्हणाले, "पेत्र भी यही बोला था. जूता उतारिए." मी दोन्ही हातांनी बूट धरून ठेवला, आणि जेवढा धरला तेवढं लोकांना जास्त भरून आलं. शेवटी फादरांनी माझी बोटं एक एक करून सोडवली, बूट काढला, मोजा काढला.

मोजा निघाला आणि उंदीर सापडला.

तळव्यात करंगळीच्या खाली फरशीची कपची रुतलेली होती, नखाएवढी. भोवती सगळं काळं, त्यातून पू. मी तो पाय पहिल्यांदा बघत होतो. तो माझा आहे हेच पटेना. फादरांचा चेहरा बदलला, पण त्यांनी हात काढून घेतला नाही. पाणी ओतणाऱ्या ननबाईंनी तांब्या मागं घेतला होता, त्यांना फादरांनी डोळ्यानं खूण केली, ओता. आणि त्या माणसानं माझा तो पाय धुतला. घाई न करता, उघड्या हातांनी, जखमेच्या कडेकडेनं. सिमेंट निघेपर्यंत टाच धुतली. टॉवेलनं टिपला. मग खाली वाकून, जसं बाकीच्या अकरा जणांच्या पायांचं चुंबन घेतलं होतं तसं याचंही घेतलं. मग विचारलं, "दर्द नहीं होता?"

मी म्हणालो, "नहीं."

ते नहीं बोलताना मला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की दुखत नाही म्हणून मी घाबरलो. फादरांनी गायनमंडळाकडे मान वळवली. अन्नम्मा सिस्टर गाणं अर्धवट टाकून खाली आल्या. पाहिलं, घोट्याला हात लावला, पाय लाल कुठवर आहे ते बोटानं बघितलं. म्हणाल्या, "अभी. मिस्सा के बाद नहीं, अभी."

कोणी उठायच्या आत सिल्वेस्टर माझ्यासमोर पाठ करून खाली बसला होता. त्याचाही एक पाय उघडा आणि ओला. म्हणाला, "बैठो." मी ज्याची नोएडाला बदली मागत होतो त्याच्या पाठीवर बसून, मीच बसवलेल्या फरशीवरून, सगळ्या लोकांसमोर बाहेर गेलो. मागून सुमन माझे दोन्ही बूट घेऊन पळत येत होती. आणि ऐका माझी लायकी: त्याच्या पाठीवर असतानासुद्धा माझ्या मनात आलं, लोक आता म्हणतील, बघा किती ताकद आहे सिल्वेस्टरच्या अंगात.

दुसऱ्या दिवशी, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला दुपारी, ऑपरेशन झालं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, तळव्याचा थोडा भाग गेला. डॉक्टर म्हणाले, ईस्टरचं जेवण करून आला असतात तर गुडघ्याखालून कापावा लागला असता. फरशीवाल्याला गुडघ्याखाली पाय नाही म्हणजे काय, ते मला कोणी समजावून सांगायला नको होतं. सुमन कॉटच्या कडेला बसून नुसती रडत होती. मी म्हटलं, "अगं, दोनच बोटं गेलीत. आठ आहेत." ती म्हणाली, "मी बोटांसाठी रडत नाही. पंधरा दिवस मी उंदीर शोधत होते, आणि तुम्ही त्या उजव्या पायाला तेल लावत बसला होता."

सिल्वेस्टर रोज दुपारी ड्युटीच्या आधी यायचा. एक थर्मास, दोन कप. बसायचा, गप्प. तिसऱ्या दिवशी मला ते गप्प बसणं सहन होईना आणि मी त्याला सगळं सांगितलं. ड्युटीवर झोपतोस असं फादरना खोटं सांगितलं ते, कागद बदलले ते, नोएडाचं पण. म्हटलं, आता थर्मास घेऊन जाईल उठून. त्यानं चहा ओतला. म्हणाला, "मालूम है. फादर ने पूछा था."

"और कुर्सी?"

"थूक से चिपकाया था. एक कोना उखड़ा था." मग कप माझ्या हातात देत म्हणाला, "मुझे आख़िरी वाली ही अच्छी लगती है. पंखा उधर है."

मी बावीस दिवस कॉटवर होतो. गुडघ्यावर बसायची सवय असलेला माणूस पाठीवर पडला की त्याला छत दिसतं, आणि छताकडे बघून खोटं बोलता येत नाही. मी काय केलं होतं? देवासाठी एक पाय तयार केला होता. घासून, तेल लावून, लोकांना दिसेल असा. बाकीचा मी बुटात ठेवला होता. पापनिवेदनातही तेच केलं, चांगली पापं पुढं केली आणि जे सडत होतं ते मोज्यात ठेवलं. आणि देवानं काय मागितलं? तो दुसरा. चमकणारा पाय त्यानं डबक्यात बुडवला आणि म्हणाला, तो राहू दे, लपवलेला दे. मी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. बोटं सोडवून घ्यावी लागली. शरण जाणं म्हणतात ते मला हात जोडून कधी जमलं नाही, असं बोटं सोडवून घेतली तेव्हाच जमलं. हॉस्पिटलात रोज कोणीतरी वेगळं माझा तो पाय हातात घ्यायचं. सुमन, अन्नम्मा सिस्टर, एकदा तर झाडूवाल्या मावशींनी उशी सरकवून ठेवला. मी आधी पाय ओढायचो. नंतर द्यायला शिकलो.

मत्सर गेला का, असं मुलगी लिहिता लिहिता विचारतेय. पूर्ण नाही गेला. अजूनही तो मांदर वाजवतो आणि सगळे डोलतात तेव्हा माझ्या आठ बोटांत कळ येते. पण आता पापनिवेदनात मी सगळ्यात आधी तेच सांगतो, आणि फादर म्हणतात, "हाँ हाँ, आगे." घरी रात्रीच्या प्रार्थनेत सिल्वेस्टरचं नाव घेतो. पहिल्या वर्षी दात आवळून घ्यायचो. आता दात न आवळता येतं.

पुढच्या वर्षी बारा जणांत माझं नाव नव्हतं. फादरांनी मला तांब्या दिला, पाणी ओतायला. गुरुवारच्या आधी खुर्च्या मांडायला मी आणि सिल्वेस्टर गेलो होतो. पहिली खुर्ची ठेवताना मला राहवलं नाही. मी त्याला सांगायला लागलो, की बघ, देवाची करणी कशी असते. वीस वर्षं मी फरशी बसवतोय, माझा उतार कुठं चुकला नाही, फक्त इथंच चुकला. म्हणजे देवानं माझा हात धरून तो मुद्दाम चुकवला. हा उतार म्हणजे माझा पाय वाचवलेली जागा आहे, इथं एक लहान क्रूस कोरावा, लोकांना दाखवावा, असं मी फादरना सुचवणार आहे. बोलता बोलता डोळे पुसायला मी रुमाल काढला.

सिल्वेस्टरनं खुर्ची खाली ठेवली, गेल्या वर्षीच्या डबक्याचा पांढरा डाग बुटाच्या टोकानं घासून बघितला, आणि म्हणाला, "मिस्त्री, चमत्कार हो गया. अब ढलान ठीक कर दो."